मागचं काहीही न ठेवणारा ब्राउझर

४ फेब्रुवारी

आजपासून नोंदी ठेवतो आहे. लिफ्ट तपासायला गेलो की आधी वही काढायची, मग दोराला हात लावायचा, ही माझी जुनी शिस्त. घरच्या कामालाही तीच लावतो. काम आहे ब्राउझर बदलण्याचं.

त्याचं असं झालं. संध्याकाळी कचेरीचं परिपत्रक वाचायला कम्प्युटर लावला. परिपत्रक लिफ्टच्या दारांबद्दल, आणि शेजारी जाहिरात लाकडी पाळण्याची. पान बदललं तर तिथे दुपटी. आणखी एक पान बदललं तर दुधाच्या बाटल्या, त्याही सवलतीत.

आमच्या घरात हा विषय बंद आहे. शेवटच्या डॉक्टरांनी फाइल मिटली त्या दिवशी आम्ही दोघं बसने परत आलो. ही म्हणाली, ‘चहा टाकते,’ आणि त्यानंतर आजतागायत कुणी त्यावर बोललेलं नाही. भांडण नाही, रडारड नाही. ही शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला आहे. दिवसभर पोरांच्याच मापात असते, पण घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मोठ्या मुश्किलीने खपली धरली आहे. ती कुठल्याशा टिनपाट पाळण्यामुळे निघाली तर मला चालणार नाही. घरात कम्प्युटर एकच, तोही दोघांचा. हिच्या नजरेस काही पडायच्या आत बंदोबस्त करायचा.

६ फेब्रुवारी

कचेरीत एक जण आहे, त्याला सगळे शंकासुर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तो ओ देतो. त्याने कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आहे, आणि घरातला टीव्ही बंद करताना तो नुसतं बटण दाबत नाही, प्लगच उपटतो. त्याला डबा खाताना गाठलं.

‘कुठला ब्राउझर वापरतोस?’ त्याने विचारलं.

‘कम्प्युटरबरोबर आला तो.’

त्याने घास खाली ठेवला. ‘म्हणजे तू निवडलेलाच नाहीस. तो तुझ्या गळ्यात पडलाय.’

त्याचं म्हणणं असं की ब्राउझर काय काय करू शकतो हे बघायचं नसतं, तो आल्या आल्या कसा लावलेला आहे हे बघायचं. शंभरातले नव्वद जण सेटिंग उघडतच नाहीत, त्यामुळे कंपनीने आयतं जे लावून दिलं तेच त्यांच्या नशिबी. हे मला लगेच पटलं. नव्या लिफ्टचं दार कारखान्यातून येतं तेव्हा झटपट बंद होण्यावर लावलेलं असतं. फेऱ्या जास्त होतात, आकडे चांगले दिसतात. हातात पिशवी घेतलेल्या म्हातारीचा विचार कारखान्यात कुणी केलेला नसतो. मी प्रत्येक इमारतीत ती वेळ वाढवायला लावतो आणि शिव्या खातो.

एक गोष्ट मात्र त्याची पटली नाही. म्हणाला, ‘पाळण्याची जाहिरात उगाच येत नाही. घरात कुणीतरी काहीतरी शोधलं असणार.’

मी म्हटलं, ‘आमच्याकडे शोधणारं कोण आहे? आम्ही दोघंच.’

तो उठून डबा धुवायला गेला. शंका घेण्याच्या नादात माणूस कुठवर जाईल सांगता येत नाही.

७ फेब्रुवारी

जुन्या ब्राउझरची सेटिंग उघडून बघितली. परक्या कंपन्यांच्या कुकीज चालू. आपण काय बघतो याचा अहवाल पाठवणं चालू. नाव, पत्ता, फोन आपोआप भरणं चालू. जे बंद असायला हवं ते सगळं चालू, आणि बंद करायचं बटण तीन खोल्या ओलांडून माळ्यावर ठेवलेलं. याचं नाव बडबड्या ठेवलं आहे.

९ फेब्रुवारी

प्रकरण वाढलं. आज बाजूच्या पट्टीत नाही, अख्खं पान भरून जाहिरात. मी बाजारातून आलो, पिशवी ठेवली, बघतो तर पडद्यावर पिवळे बूट घातलेलं पाठमोरं मूल, आणि वर मोठ्या अक्षरात ‘तुमचं घर तयार आहे का?’ आता पाळणे विकणारे थेट घराची चौकशी करायला लागले.

मी झटकन बंद केलं. वळलो तर ही स्वयंपाकघराच्या दारात, हातात फडकं.

‘बघितलंत?’

‘काय?’

‘कम्प्युटर चालू होता.’

‘हो, बंद केला.’

‘वाचलंत का काही?’

‘नाही बुवा. कशाला वाचू?’

‘बरं,’ म्हणाली आणि आत गेली. थोडक्यात निभावलं. हिच्या आधी मी पोचलो हे नशीब.

११ फेब्रुवारी

मेहुणी येऊन गेली. तिची जीभ म्हणजे कात्री, पण मनाने चांगली. जेवताना म्हणाली, ‘भावोजी, तुमच्या घरात पाहुणा आला तर त्याला वाटेल तुमचं कडाक्याचं भांडण झालंय.’ मी म्हटलं, का? तर म्हणे तुम्ही बोलतच नाही, वस्तू मांडता.

खरं आहे ते. आमच्याकडे मागण्या तोंडाने होत नाहीत. बल्ब गेला की ही तो माझ्या उशीवर ठेवते. माझं बटण तुटलं की शर्ट हिच्या मशिनवर. हिला फिरायला जायचं असलं की माझे बूट दाराकडे तोंड करून ठेवलेले असतात. ज्याला कळायचं त्याला कळतं. कशाला तोंडाची वाफ दवडायची? मी हे मेहुणीला सांगितलं तेव्हा ही ताटात बघत होती.

‘आणि नाही कळलं तर?’ मेहुणीने विचारलं.

‘इतक्या वर्षांत असं झालेलं नाही,’ मी म्हटलं.

१३ फेब्रुवारी

शंकासुर स्वतः वापरतो तो ब्राउझर घालून बघितला. भलताच कडक. बँकेचं पान उघडेना. विजेचं बिल भरायला गेलो तर मी माणूसच आहे हे आधी सिद्ध करा म्हणाला, आणि त्यासाठी चौकोनांतल्या मोटारी ओळखायला लावल्या. ओळखल्या. पुन्हा ओळखा म्हणाला. ही मागे उभी राहून बघत होती, म्हणाली, ‘त्यालाही पटत नाहीये वाटतं.’ हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मलाही बरं वाटलं.

हा सोवळा आपल्या कामाचा नाही. ज्या दारातून चोर येत नाही आणि घरचेही येऊ शकत नाहीत, त्याला दार म्हणत नाहीत.

१६ फेब्रुवारी

आज कहर झाला. संध्याकाळी बडबड्या उघडाच होता आणि त्यावर पुन्हा ते पिवळ्या बुटांचं पान. या वेळी खाली एक अर्ज. ‘जोडप्यांसाठी परिचय भेट, शनिवार १ मार्च, सकाळी अकरा.’ आणि अर्जात माझं नाव, हिचं नाव, पत्ता, माझा फोन नंबर, सगळं भरलेलं! शंकासुर सांगत होता तसंच. आपोआप भरण्याची सोय चालू ठेवली की हा गडी दिसेल त्या रकान्यात आपली कुंडली ओतून मोकळा होतो. खाली ‘आपला अर्ज मिळाला, धन्यवाद’ अशी ओळसुद्धा होती. म्हणजे धाडूनही झालं!

माझा संताप संताप झाला. पान बंद केलं, कम्प्युटरही बंद केला. ही बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मला बघून म्हणाली, ‘काय झालं?’

‘काही नाही. फालतू पान होतं.’

तिने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि परत घडी घातली. ‘फालतू?’

‘तू मनावर घेऊ नकोस. मी बघतो.’

हिला काही दिसलं असेल का, ही शंका मनात येऊन गेली. दिसलं असतं तर बोलली असती.

१७ फेब्रुवारी

शोध संपला. तिसरा ब्राउझर उत्तम. सेटिंग उघडून एकेक तपासलं आणि काही बदलावंच लागलं नाही, हे माझ्या नोकरीत अजून एकदाही झालेलं नाही. परक्या कुकीज आल्या आल्या बंद. अहवाल बंद. जाहिरातवाले मागे लागत नाहीत. बँक उघडते, वीजबिल भरता येतं. आणि मुख्य म्हणजे बंद केला की सगळं विसरतो. काय बघितलं, कुठे गेलो, काही शिल्लक नाही. याचं नाव घुम्या.

लावताना त्याने विचारलं, जुन्या ब्राउझरमधल्या खुणा, पासवर्ड, इतिहास इकडे आणायचे का? मी ‘नको’ केलं आणि बडबड्याला समूळ उपटलं.

हिला बोलावून दाखवलं. ‘आता मागचं काही राहणार नाही. रोज कोरी पाटी.’

‘काहीच नाही? मी काही ठेवलं होतं त्यात.’

‘काय ठेवलं होतंस?’

ही पडद्याकडे बघत होती. ‘कापडाचे नमुने,’ म्हणाली.

‘ते काय, पुन्हा शोधता येतील.’

‘हो, शोधता येतील.’ मग म्हणाली, ‘तुम्हाला मात्र अगदी मोकळं वाटतंय.’

वाटत होतंच. हो म्हटलं.

२० फेब्रुवारी

बडबड्याने जाता जाता दगा दिलाच. संध्याकाळी फोन आला. बाईंचा आवाज गोड. माझं नाव घेतलं, हिचं घेतलं. ‘एक तारखेच्या भेटीला दोघं येताय ना? तुमचा अर्ज आमच्याकडे आलाय.’

मी म्हटलं, ‘आम्ही काही भरलेलं नाही. आमच्या ब्राउझरने भरलंय.’

‘कोणी भरलंय?’

‘ब्राउझरने. आणि तुम्ही लोक त्याचा फायदा घेता. लोकांच्या दुखऱ्या जागा हुडकून तिथे दुकान मांडता. लाज वाटायला हवी.’

‘अहो, काहीतरी गैरसमज होतोय. तुम्हाला मूल...’

‘आम्हाला मूल नकोय!’ मी म्हटलं. चांगलं खणखणीत म्हटलं. ‘आमचं छान चाललंय. या नंबरावर पुन्हा फोन करायचा नाही.’ आणि नंबर ब्लॉक केला.

ही इस्त्री करत होती. इस्त्री कापडावर तशीच धरलेली. मी म्हटलं, ‘अगं, जळेल.’ तिने उचलली. डाग पडला होता.

‘कुणाचा फोन?’

‘जाहिरातवाल्यांचा. आता नाही येणार.’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘आता कशाला येतील.’

विषय कायमचा मिटवला याचं समाधान वाटतं आहे. हिने ऐकलं हे वाईट झालं, पण एका परीने बरंच. मी पाठीशी उभा आहे हे तिलाही कळलं असेल.

२२ फेब्रुवारी

ही मेहुणीकडे गेली. चार दिवस राहते म्हणाली. काम निघालं असेल. मी कोणतं ते विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी

घर शांत. घुम्या उत्तम चालतो आहे. जाहिरातींचा मागमूस नाही.

स्वयंपाकघरातला बल्ब नवा दिसतो. जुना माझ्या उशीवर आला नव्हता. हिनेच स्टुलावर चढून बदललेला दिसतो. माझा शर्ट गेल्या आठवड्यापासून मशिनवर आहे, बटण अजून लागलेलं नाही. हे हिच्या हातून होणाऱ्यांतलं नव्हे. तब्येत बरी नसेल.

२६ फेब्रुवारी

आज मेहुणीचा फोन. मी कचेरीतून नुकताच आलो होतो, बूटही काढले नव्हते. आठवतंय तसं लिहितो.

‘भावोजी, ताई काही बोलणार नाही, म्हणून मी बोलते. नको होतं तर तिला नको म्हणायचं होतं. त्या संस्थेच्या बाईंवर का खेकसलात?’

‘कुठल्या संस्थेच्या?’

‘वेड पांघरू नका. ती ते पान मुद्दाम उघडं ठेवायची. तुम्ही येऊन बंद करायचात. तरी तिने मन घट्ट करून अर्ज भरला, तोही तुम्हाला दिसेल असा ठेवला, तर म्हणे फालतू. मग तिने साठवलेलं सगळंच पुसलंत. वर फोनवर ओरडलात, आम्हाला मूल नको. तिच्या देखत! अहो, दत्तक घ्यायचं एवढं एक मनात आणायला तिला किती वर्षं लागली माहितेय तुम्हाला?’

मी म्हटलं, ‘मला ती जाहिरात वाटली.’

मेहुणी म्हणाली, ‘जाहिरात?’

‘पाळण्याच्या येत होत्या ना. मला वाटलं ही दुखावेल. म्हणून मी ब्राउझर...’

‘अर्जात तुमचं नाव होतं.’

‘ते आपोआप भरलं जातं.’

‘भावोजी,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला लिफ्ट तपासायला देतं तरी कोण?’

२७ फेब्रुवारी

रजा टाकली. संस्थेचं नाव शोधायला बसलो. पिवळे बूट, पाठमोरं मूल, एवढंच आठवतं, नाव वाचलंच नव्हतं. वाचायच्या आत बंद करण्याचाच तर माझा सगळा आटापिटा होता. घुम्याला विचारून उपयोग नाही, त्याने काही ठेवलेलंच नाही. बडबड्या परत घातला तर तो कोऱ्या चेहऱ्याने विचारतो, आपण कोण? ब्लॉक केलेल्या नंबरावर फोन लावला तर यांत्रिक आवाज लागला, संस्थेचं नावही न सांगता हव्या त्या माणसाचा एक्स्टेन्शन नंबर दाबा म्हणाला, तो मला कुठला माहीत असायला? मेहुणीला फोन केला. म्हणाली, ‘मी नाव सांगणार नाही. जिला विचारायचं तिला विचारा.’

एवढं चोख काम मी आजवर कुठल्या इमारतीत केलेलं नाही.

मग मशिनपाशी जाऊन बसलो. तिथे माझा शर्ट होता. मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मी दिवसभर टाळतो आहे. मला मूल हवंय का? फोनवर ‘नको’ म्हणालो ते जाहिरातीला म्हणालो, ठीक. पण ते इतकं तयार होतं तोंडात. एक क्षणही थांबावं लागलं नाही. फाइल मिटली त्या दिवशी मला थोडी सुटकाही वाटली होती, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. हिची धावपळ संपली म्हणून वाटली असेल. तेवढंच होतं का, हे सांगता येत नाही.

२८ फेब्रुवारी

सकाळच्या बसने मेहुणीकडे गेलो. मेहुणीने दार उघडलं, मला बघितलं, चप्पल घातली आणि ‘दूध आणते’ म्हणून गेली. दूध ओट्यावरच होतं.

ही खिडकीपाशी बसली होती. उठली नाही.

मी म्हटलं, ‘मला वाटलं जाहिरात आहे.’

‘सांगितलं तिने.’

‘उद्याची भेट आहे ना, अकराची? जाऊ या.’

‘मी त्याच दिवशी कळवलं त्यांना, आम्ही येत नाही म्हणून. जागा दुसऱ्या जोडप्याला गेली.’

मी उभाच होतो. बसा म्हणालं नव्हतं कुणी.

‘तुम्ही जाहिरातीला म्हणालात ते कळलं मला,’ ही म्हणाली. ‘त्याचा राग गेला. हसूसुद्धा आलं थोडं. पण खोटं म्हणालात का? तेवढं सांगा. मी इथे आल्यापासून तेवढाच विचार करते आहे.’

पूर्वीचा मी असतो तर काहीतरी वस्तू शोधली असती सरळ करायला. मी म्हटलं, ‘तेव्हा माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं मला.’

‘मी विचारत होते.’

‘हो.’

‘आणि आता?’

‘आता भीती वाटते,’ मी म्हटलं. ‘दुसऱ्याचं मूल, त्याला आपण आवडलो नाही तर? मी असा. त्याला काही हवं असलं आणि मला नाहीच कळलं तर? याची भीती वाटते. पण हवंय. काल दिवसभर नको म्हणून बघितलं स्वतःला. जमलं नाही.’

ही रडली. मी जवळ जाऊन बसलो. मग ही म्हणाली, ‘त्या बाईंना तुम्हीच फोन करा. त्या बिचाऱ्यांनी तुमचं ऐकून घेतलंय.’

तिच्या फोनवरून तिनेच नंबर लावून दिला. तोच गोड आवाज. मी नाव सांगितलं. म्हटलं, ‘बाई, मागे तुमच्यावर ओरडलो तो मी. चूक माझी होती. आम्हाला परत यायचंय.’

त्या म्हणाल्या, शनिवार भरला, आता पुढची भेट जूनमध्ये, आणि त्यानंतरही किती वाट बघावी लागेल याची खात्री देता येत नाही. मी म्हटलं चालेल. मग त्यांनी विचारलं,

‘माफ करा, पण मागचा अनुभव बघता मला विचारावंच लागेल. दोघांचीही इच्छा आहे ना? दोघांकडून ऐकल्याशिवाय मी नाव लिहू शकत नाही.’

मी हिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. जोरजोरात हलवली, डोळे पुसत. पण हलवलेली मान फोनवर ऐकू जात नाही.

‘बोल,’ मी म्हटलं आणि फोन तिच्या तोंडापाशी धरला.

‘हो,’ ती म्हणाली.

मग मी फोन माझ्याकडे घेतला आणि मीही म्हणालो.